हिला कोणी टाकायला सांगितलं?

मॅच संपली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. नागपुरात डिसेंबरात सातला चांगलीच थंडी पडते. स्कूटरवर मी पुढे, लेक मागे. एरवी मॅचहून परतताना तिची बडबड माझ्या कानात शिरत असते. या पासचं काय झालं, रेफ्रीने कुठला फाऊल उगाच दिला, सगळं. त्या दिवशी घर येईपर्यंत एक शब्द नाही. फाटक उघडायला खाली उतरली आणि एवढंच म्हणाली, “आई, मी सोडते बास्केटबॉल. उद्या सरांना फोन करून सांग.”

मी काही बोलले नाही. कारण मॅचमध्ये माझ्या मागच्या पायरीवर बसलेला एक माणूस जे म्हणाला होता, ते तिनेही ऐकलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. तिचा शॉट तिसऱ्यांदा रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडला, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला होता, “अरे, हिला कोणी टाकायला सांगितलं?”

गंमत बघा, हाच माणूस गेल्या वर्षी याच पायऱ्यांवर बसून माझ्या लेकीसाठी टाळ्या वाजवत होता!

आधी थोडं मागचं सांगते. लेक आता अकरावीत आहे. पाचवीपासून खेळते. ती काही संघाची ‘स्टार’ नव्हती, कधीच नव्हती. समोरच्या संघातली सगळ्यात तेज मुलगी जी असेल, तिच्या अंगाला चिकटून राहायचं, तिला बॉल मिळू द्यायचा नाही, मिळालाच तर सुखाने टाकू द्यायचा नाही, हे हिचं काम. बॉल हिसकावला की लगेच पुढे द्यायचा. स्वतः कधी टाकलाच तर कोपऱ्यात मोकळी उभी असताना, कुणी पास दिला तर. मॅचमध्ये चार-पाच वेळा. त्यातले दोन-तीन आत जायचे. वर्तमानपत्रातल्या बातमीत हिचं नाव कधी आलं नाही, पण सर म्हणायचे, “ताई, ही नसेल तर मला मॅच सुरू करायची भीती वाटते.” ते ऐकून माझं पोट भरायचं.

संघात एक मोठी मुलगी होती. निम्म्याहून जास्त गुण तिचेच. जून महिन्यात ती पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. आता गुण कोण करणार? सरांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्या लेकीवर बोट ठेवलं. “यंदा तू टाकायचं. बॉल तुझ्याकडेच येणार.”

घरी आल्यावर ती सांगत होती तेव्हा मला कोण आनंद झाला! मी शिरा केला. नणंदेला फोन केला. ‘यंदा मेन प्लेअर आहे बरं का आमची!’ असं चार जणींना सांगून झालं. लेकीचा चेहरा मात्र फारसा फुलला नव्हता. ते मला दिसलं, पण मी मनावर घेतलं नाही. आईचा हा एक खास दोष असतो. जे दिसतं ते आपण पाहतो, पण आपल्याला हवं तेवढंच धरून ठेवतो.

पुढचे पाच महिने वाईट गेले. जी मुलगी पाच शॉट मारून तीन आत घालायची, ती आता वीस मारायची आणि पाच आत जायचे. मी वहीत लिहून ठेवायचे. हो, मीच. मॅचला वही घेऊन बसायचे, बी.ए.ला नोट्स काढायचे तशी. रात्री जेवताना आकडे वाचून दाखवायचे आणि वर सांगायचे, “आत्मविश्वास ठेव गं. तुला जमतंच.”

एकदा ती ताटावरून मान वर करून शांतपणे म्हणाली, “आई, आत्मविश्वास आहे. बॉल जात नाहीये.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते माझ्या भाच्याकडून. बहिणीचा मुलगा, तिशीचा, कंपनीचं काम घरून करतो आणि सध्या आमच्याकडेच राहतो. याला अमेरिकेतल्या एनबीएचं वेड शाळेपासून. तिकडे रात्रीची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाट. त्यामुळे मी दूध तापवायला उठते तेव्हा हा दिवाणखान्यात आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलेला असतो. ‘सोडते’ म्हणाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी टेकले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, तुझ्या लेकीचं अरिझासारखं झालंय.”

मी म्हटलं, “हा कोण बाबा?”

ट्रेव्हर अरिझा. त्याने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण खेळ समजत नसला तरी ही गोष्ट आपल्याला समजते.

२००८-०९ च्या मोसमात अरिझा लॉस एंजेलिस लेकर्स संघात होता. संघात कोबी ब्रायंट आणि पाव गसोल असे दोन दिग्गज. अरिझाचं काम ठरलेलं. समोरच्या चांगल्या खेळाडूला अडवायचं, बॉल हिसकावायचा, धावायचं, आणि कोबीवर दोघे-तिघे धावून गेले की कोपऱ्यात मोकळं उभं राहून आलेला बॉल टाकायचा. सामन्याला सरासरी ९ च्या आसपास गुण. शंभर शॉटमधले ४६ आत. बाद फेरीत तर लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेले शंभरातले जवळजवळ ४८ आत गेले. डेन्व्हरच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटात बाहेरून आत फेकला जाणारा बॉल त्याने एकदा नाही, दोनदा हिसकावला. लेकर्स २००९ मध्ये विजेते झाले. सगळे म्हणाले, वा, काय खेळाडू आहे!

त्याच उन्हाळ्यात ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पाच वर्षांचा करार देऊन घेतलं. पण त्या संघाचा आधारस्तंभ, चीनचा उंचच उंच याओ मिंग, पायाच्या दुखापतीने तो आख्खा मोसम बाहेर बसला. दुसरा मोठा खेळाडू ट्रेसी मॅकग्रेडीही दुखापतीतून उठत होता, जेमतेम खेळला आणि मोसमाच्या मध्येच दुसऱ्या संघात गेला. मग गुण करणार कोण? बोट अरिझाकडे वळलं.

मैदानावरची त्याची वेळ सामन्याला २४ मिनिटांवरून ३६ मिनिटांवर गेली. शॉट जवळपास दुप्पट झाले. गुण वाढले, १४.९ झाले. पण शंभरातले ४६ आत जायचे तिथे आता ३९ च जायला लागले. टीका सुरू झाली. आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये, पाच वर्षांच्या करारातलं एकच वर्ष संपल्यावर, त्याला न्यू ऑर्लिन्सच्या संघाकडे पाठवून दिलं.

“म्हणजे एका वर्षात तो खेळ विसरला?” मी विचारलं.

“नाही ना मावशी. खेळ तोच, माणूस तोच. फक्त आधी त्याच्या वाट्याला सोपे शॉट यायचे, आता अवघड यायला लागले.”

मग त्याने कागदावर काढून दाखवलं. मैदानात पाच जण. सगळ्यांनी सारखाच वाटा उचलला तर प्रत्येकाच्या वाट्याला संघाच्या आक्रमणाचा पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के येतात. काही जण तीस टक्के उचलतात, काही बारा. बारा टक्केवाला निवडून टाकतो. मोकळा असेल तेव्हाच, आपल्या आवडत्या जागेवरूनच. त्याचा वाटा वाढवला की मोकळे शॉट काही वाढत नाहीत, ते तेवढेच असतात. जे वाढतात ते सगळे अवघड असतात. अंगावर माणूस असताना, धावता धावता, घड्याळातले चोवीस सेकंद संपत आलेले असताना. डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या २००४ च्या पुस्तकात हेच मांडलंय. वाटा जसा वाढतो तशी अचूकता साधारणपणे उतरते. कुणाची थोडी, कुणाची खूप. ज्यांची कमी उतरते त्यांना आपण स्टार म्हणतो.

मी त्या कागदाकडे बघत बसले. चहा गार झाला. पाच महिने मी ज्या आकड्यांवरून लेकीला धारेवर धरत होते, ते आकडे तिच्या नालायकीचे नव्हतेच. वाट्याला आलेल्या कामाचे होते.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख उजाडली. तिच्याकडचं नवं काम वाढलं होतं, पण जुनं कमी कुणी केलं होतं? समोरच्या सगळ्यात तेज मुलीच्या मागे चाळीस मिनिटं पळायचं ते पळायचंच, आणि वर वीस शॉटही मारायचे. शॉट हातातून सुटतो, पण त्याची ताकद पायातून येते म्हणतात. पाय दमले की बॉल थोडासा तोकडा पडतो. रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. तिचे सगळे तसेच तर पडत होते! मी वहीत ‘चुकला’ एवढंच लिहीत होते. कसा चुकला ते लिहिलं असतं तर कदाचित मलाही कळलं असतं.

इथे मला आमच्या वस्तीतल्या बचत गटाची आठवण झाली. पंधरा-सोळा वर्षं मी या गटांचं काम करते आहे. एका गटात हिशेब ठेवणारी एक बाई होती. सातवी शिकलेली, पण हिशेब असा की एक रुपया इकडचा तिकडे नाही. बँकेचे साहेबही तिची वही बघून खूश. अध्यक्ष झालेली बाई गाव सोडून गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी, त्यात मीही आले, एकमुखाने ठरवलं की आता हीच अध्यक्ष. टाळ्या वाजल्या, हार घातला. पण हिशेबाची वही तिच्याकडून कुणी घेतली नाही, कारण ‘तिच्यासारखं कुणाला जमतं?’ झालं. सभा घ्यायची, भांडणं सोडवायची, बँकेत बोलायचं, आणि रात्री वहीही लिहायची. चार महिन्यांत वहीत चुका दिसायला लागल्या. बाया कुजबुजू लागल्या, ‘खुर्ची मिळाली नि डोकं फिरलं’. सहाव्या महिन्यात तिने अध्यक्षपद सोडलं, आणि गटही सोडला.

तेव्हा मी म्हटलं होतं, ‘तिला झेपलं नाही.’ आज मला त्या वाक्याची लाज वाटते. झेपलं नाही असं म्हणताना आपण किती दिलं होतं, ते कुणी मोजलंच नाही.

आपल्याकडे चांगलं काम करणाऱ्या माणसाला, त्यातून बाईला, बक्षीस म्हणून काय मिळतं? आणखी काम. सून स्वयंपाक चांगला करते, मग सणाची पंगत तिच्याकडे. शिक्षिका वर्ग छान सांभाळते, मग गॅदरिंग तिच्याकडे. आपण याला विश्वास म्हणतो, मान म्हणतो. पण मान द्यायचा तर सोबत मदतीचे हात, शिकायला वेळ आणि जुन्या कामातून थोडी सुटका द्यायला नको? नुसतं ओझं वाढवलं तर तो मान नाही. ती आपली सोय झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, ज्याने त्याने आपल्या जागी राहावं? बचाव करणारीने बचावच करावा, हिशेब लिहिणारीने हिशेबच लिहावा?

नाही हो. मला हे अजिबात म्हणायचं नाही. मागच्या पायरीवरच्या त्या माणसाचं म्हणणं तेच तर होतं. आणि ‘आपल्या जागी राहा’ हे वाक्य आपण बायकांनी इतकं ऐकलंय की त्यातला गोडवाही आता ओळखू येतो आणि काटाही.

बास्केटबॉलमध्ये तर हे वाक्य नियमातच लिहिलेलं होतं. हे मला नंतर वाचताना कळलं आणि मी थक्क झाले. हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ यांनी शोधला. दुसऱ्याच वर्षी सेंदा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला. पण मुलींना फार दगदग नको, धसमुसळेपणा नको म्हणून मैदानाचे तीन भाग केले. जी ज्या भागात, तिने तिथेच राहायचं! पुढे त्याचंच एक रूप अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळांमध्ये प्रचंड गाजलं. एका संघात सहा मुली. तिघी फॉरवर्ड, त्या फक्त एका अर्ध्या मैदानात, फक्त गुण करायला. तिघी गार्ड, त्या दुसऱ्या अर्ध्यात, फक्त अडवायला. मधली रेषा ओलांडायची नाही. बॉल हातात घेऊन दोनदाच टप्पा द्यायचा. म्हणजे गार्ड असलेली मुलगी शाळेची सगळी वर्षं खेळायची आणि मॅचमध्ये तिला बास्केटकडे एकदाही बॉल टाकायला मिळायचा नाही. चुकायला नाही आणि जिंकायलाही नाही.

१९६८ च्या तिथल्या अंतिम सामन्यात डेनिस लाँग या मुलीने एकटीने ६४ गुण केले. तिचा संघ ११३ विरुद्ध १०७ असा जिंकला. तिचं नाव आजही घेतात, घ्यायलाच हवं. पण त्याच दिवशी दुसऱ्या अर्ध्या मैदानात ज्या तिघी अडवत उभ्या होत्या, त्यांची नावं किती जण सांगतील? आयोवातला हा सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद झाला. त्यानंतर सगळ्याच मुली सगळ्या मैदानात पळायला लागल्या, सगळ्याच टाकायला लागल्या. पहिल्या वर्षी त्यातल्या कितीतरी जणींचे शॉट रिंगला लागून खाली पडले असतील. म्हणून काय ती रेषा परत आखायची होती?

तेव्हा मुद्दा असा की रेषा ओलांडायचा हक्क हवाच. पण पहिल्यांदा ओलांडणारी अडखळणार, हे धरून चालायला हवं. तिला ‘तुझी जागा ती नव्हे’ म्हणणारे जितके चुकीचे, तितकेच ‘आत्मविश्वास ठेव, जमेल’ एवढंच म्हणून टाळ्या वाजवणारे आम्ही आईबाप आणि शिक्षकही चुकीचे.

आणि एक प्रश्न आपण विचारतच नाही. तिला स्वतःला काय हवंय?

भाच्याने मला दुसऱ्या एकाची गोष्ट सांगितली. जेरामी ग्रँट. तोही असाच मदतनीस खेळाडू, डेन्व्हरच्या चांगल्या संघातला. सरासरी १२ गुण. २०२० मध्ये डेन्व्हर त्याला तीन वर्षांसाठी ठेवायला तयार होतं आणि डेट्रॉईटनेही तेवढेच पैसे देऊ केले. याने डेट्रॉईट निवडलं. का? तर तिथे त्याला मोठं काम मिळणार होतं आणि ते त्याला हवं होतं. सरासरी २२ च्या वर गेली. अचूकता त्याचीही उतरली, शंभरात जवळपास ४८ वरून ४३ वर. संघ तर दणकून हरला, ७२ सामन्यांत फक्त २० विजय. पण त्याला तिथे कुणी ढकललं नव्हतं, तो स्वतः चालत गेला होता. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता. अडखळणं दोघांच्याही वाट्याला आलं. पण आपण निवडलेल्या वाटेवर अडखळलेला माणूस उठतो वेगळा.

त्या रात्री मी वही बाहेर काढली नाही. लेकीच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदाच विचारलं, “तुला टाकायचं आहे का?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आहे गं. पण सगळेच्या सगळे नाही. आणि पळून पळून पाय गळाल्यावर नाही. मला कोपऱ्यातून येतं. मधून ड्रिबल करत जाऊन मारायला मला अजून नाही येत. शिकायचंय. पण मॅचमध्ये नाही, प्रॅक्टिसमध्ये.”

सतरा वर्षांच्या मुलीने चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाच महिने तिला कुणी विचारलंच नव्हतं. सरांनी नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला, पण ती सोडते म्हणून नाही. तिला घेऊनच मैदानावर गेले आणि बोलणं तिलाच करू दिलं. हे मला जड गेलं, कबूल करते. सरांची बाजूही ऐकून घेतली. ते म्हणाले, “ताई, माझ्याकडे बारा मुली. त्यात तीन नवीन. कुणीतरी टाकायला हवं ना? हिला बास्केट दिसते, म्हणून हिला सांगितलं. शिकवायला वेळ कुठाय? संध्याकाळी दीड तास मैदान मिळतं.” माणूस वाईट नाही. त्यांच्याही अंगावर त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहेच. शाळेची नोकरी करून फुकटात शिकवतात.

तिघांनी मिळून ठरवलं. समोरच्या तेज मुलीला पहिला अर्धा वेळ दुसऱ्या एका उंच मुलीने अडवायचं. लेकीने मॅचमध्ये दहाच्या आसपासच शॉट घ्यायचे, जास्त करून कोपऱ्यातून. उरलेले तिघींनी वाटून घ्यायचे. नवीन मुलींनीसुद्धा. आणि शनिवार-रविवार सकाळी तिने मधून आत जायचा सराव करायचा. बॉल आणून द्यायला भाचा जातो. एनबीए संपली की.

त्यानंतरच्या मॅचला लेकीने नऊ शॉट मारले, तीन आत गेले. मॅच आम्ही हरलो. चमत्कार झाला असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण एका नवीन मुलीने आयुष्यातली पहिली बास्केट केली आणि पास माझ्या लेकीचा होता. परतताना स्कूटरवर मागून बडबड सुरू होती. सोडण्याचा विषय निघाला नाही. राज्य स्पर्धेच्या संघात तिची निवड होईल की नाही, सांगता येत नाही. कदाचित नाही होणार, कारण निवडणारे आधी गुणांचा तक्ता बघतात, आणि अडवलेले शॉट त्या तक्त्यात नसतात. तिला ते माहीत आहे. ती तरी रोज जाते.

जाता जाता अरिझाचं पुढे काय झालं ते सांगते. तो संपला नाही. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या संघात गेला. तिथे जॉन वॉल नावाचा चपळ खेळाडू बॉल घेऊन आत घुसायचा आणि अरिझा पुन्हा आपल्या कोपऱ्यात मोकळा सापडायचा. २०१३-१४ मध्ये तीन गुणांचे त्याचे शंभरात ४० हून जास्त शॉट आत गेले. आणि ज्या ह्यूस्टनने त्याला एका वर्षात पाठवून दिलं होतं, त्याच ह्यूस्टनने २०१४ मध्ये त्याला चार वर्षांसाठी परत बोलावलं. आता तिथे गुण करायला जेम्स हार्डन होता. २०१७-१८ मध्ये त्या संघाने ६५ सामने जिंकले. मात्र उपांत्य फेरीच्या निर्णायक सातव्या सामन्यात अरिझाने १२ शॉट मारले आणि एकही आत गेला नाही. त्या दिवशी आख्ख्या संघाचेच लांबचे सलग २७ शॉट चुकले होते. म्हणजे आपल्या जागी, आपलं काम करतानाही वाईट दिवस येतोच. एका रात्रीवरून कुणाला मोजायचं नसतं. असा हा माणूस २०२२ पर्यंत, तब्बल अठरा मोसम खेळला.

माझ्या बचत गटातली ती बाई आता एका दुकानात हिशेब लिहिते. परवा मी तिच्याकडे जाऊन आले. म्हटलं, “तेव्हा आम्ही वही तुझ्याकडून काढून घ्यायला हवी होती.” ती हसली आणि म्हणाली, “ताई, मी मागितलं होतं की! तुम्ही म्हणाला होतात, तूच कर, तुला जमतं.”

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच मागणं. घरात, गटात, शाळेत, मैदानात, ‘आता हे तूच कर’ असं कुणाला म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारू या. तुला करायचंय का? आणि त्याबदल्यात तुझ्याकडचं कुठलं काम आम्ही घेऊ? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर ती चुकल्यावर मागच्या पायरीवरून बोलायचा हक्कही आपल्याला नाही.

वही मी अजून नेते मॅचला. लेकीने परवानगी दिली आहे, एका अटीवर. शॉट नाही लिहायचे. ती ज्या मुलीला अडवते आहे, तिला किती वेळा बॉल मिळाला नाही, ते लिहायचं. अवघड आहे हो! जे घडलंच नाही ते मोजायचं म्हणजे फार लक्ष देऊन बघावं लागतं.